दार एकशे बेचाळीस

दोनशे सात नंबरच्या दलालानं ती जाहिरात एक्केचाळीस वेळा उघडून पाहिली होती. मंगळवारी सकाळी पत्रक गेलं, बुधवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी नेहमीसारखी आकडे बघायला बसले आणि त्या ओळीवर माझं बोट अडकलं. वरच्या ओळी ठीक होत्या, खालच्याही ठीक होत्या. एक, शून्य, एक, एक, दोन, शून्य. आमच्या कामात दोन म्हणजे चैन. माणूस पत्रक उघडतो, चार सेकंद बघतो, बंद करतो, आणि त्या चार सेकंदांसाठी मी आठवडाभर डोकं खाजवते. एक्केचाळीस हा आकडा मी सोळा वर्षांत पाहिला नव्हता. आधी वाटलं, यंत्राचा घोळ असेल. संगणक बघणाऱ्याला हाक मारली. त्यानं दोन कळा दाबल्या आणि म्हणाला, घोळबिळ काही नाही, प्रत्येक वेळ वेगळी नोंदलेली आहे, बघा. मी बघितली. सव्वानऊ, नऊ एकोणीस, नऊ वीस. मग साडेअकरापर्यंत काही नाही. मग अकरा एकतीस ते पावणेबारा सलग नऊ वेळा. दुपारी जेवायच्या सुट्टीत सहा. मग पाचपर्यंत अधूनमधून एकवीस. संध्याकाळी घरी जायच्या वेळेला एकदा, आणि मग दोन मिनिटांनी आणखी एकदा, म्हणजे गृहस्थ उठले असावेत, खुर्ची आत ढकलली असावी, आणि पुन्हा बसले असावेत. ती आत ढकललेली खुर्ची मला दिसायलाच लागली. आई म्हणायची, ही पोरगी शेजारच्या ताटात काय वाढलंय ते बघितल्याशिवाय घास घ्यायची नाही. मला पुढे दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

माझं काम काय आहे हे माझ्या सख्ख्या आत्यालाही अजून कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते की आमची भाची विमानं विकते. मी विमानं विकत नाही, भाड्यानंही देत नाही, आणि खरं सांगायचं तर तसल्या छोट्या विमानात मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही. जगात काही लोकांकडे विमानं असतात. काही लोकांना अख्खं विमान एका दिवसापुरतं हवं असतं. या दोघांची एकमेकांशी ओळख नसते. मध्ये दलाल असतो. गिऱ्हाईक दलालाला फोन करतं, दलाल दहा विमानवाल्यांना फोन करतो आणि त्यातला एक निवडतो. म्हणून विमानवाल्याला जाहिरात करायची असते ती गिऱ्हाइकासाठी नाही, दलालासाठी. दलालाच्या डोक्यात आपलं विमान बसलं पाहिजे, वेळ आली की त्याच्या तोंडून आपलंच नाव आधी निघालं पाहिजे. आमचं पत्रक दर मंगळवारी चारशे बारा दलालांना जातं आणि त्यातल्या जाहिराती मी लिहिते. यादीत दलालांना नावं आहेत, पण कामाच्या पडद्यावर फक्त नंबर दिसतात, आणि इतक्या वर्षांत मला ते नंबरच माणसांसारखे वाटू लागलेत. एकोणसत्तर नंबर दर मंगळवारी सुट्टीवर असावा. तीनशे तीनला सकाळी लवकर जाग येते. दोनशे सातबद्दल मात्र मला काहीच माहीत नव्हतं. तो आजवर एकदा उघडणाऱ्यांतला, चार सेकंदवाला, कुणाच्याही लक्षात न राहणारा नंबर होता.

जाहिरात होती बसवाल्यांची. त्यांना सगळे बसवालेच म्हणतात, कारण वीस वर्षं बसगाड्या चालवल्यावर त्यांना एकाएकी विमानांची हौस आली आणि त्यांनी दोन विमानं घेतली. एका पंख्याची, नऊ आसनांची, दणकट जातीची, आणि मागच्या बाजूला सामान चढवायला मोठं दार असलेली. आधीच्या माणसानं त्यांना जी जाहिरात करून दिली होती तिच्यात पांढरी आसनं होती, खिडकीतून येणारं तिरकं ऊन होतं आणि दोन उंच पेले होते. तसल्या जाहिराती दलालाला दिवसाला पन्नास येतात. मी एकदा एका दलालाच्या कचेरीत सकाळभर बसून आले आहे. फोन खांद्यात दाबून तो एवढंच विचारत होता की सामान किती मावतं, दार केवढं, कुत्रा चालतो का. मग मी बसवाल्यांना सांगितलं, ते पेले राहू द्या, मागचं दार उघडा, त्याला आडवी टेप लावा आणि फोटो काढून पाठवा. तासाभरात फोटो आला. उघडं दार, त्यावर पिवळी टेप, आणि डाव्या कडेला टेप धरून उभा असलेला त्यांचा मिस्त्री. विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरला बसवाले बसच्या दिवसांपासूनच्या सवयीनं मिस्त्री म्हणतात आणि त्याचंही काही बिघडत नाही. आमच्याकडे जाहिरातीत चेहरा ठेवत नाहीत. चेहऱ्याला लेखी परवानगी लागते, आणि शिवाय माणूस दिसला की दलाल माणसाकडे बघतो, दार राहून जातं. मी फोटो मनगटापाशी कापला. हात राहिला. रुंद अंगठा, नखाच्या कडेनं तेलाची काळी रेघ. अंगठ्यानं टेप दाराच्या डाव्या कडेवर दाबलेली आणि अंगठ्यापलीकडे टेपचं अर्ध्या वितीएवढं टोक मोकळं सुटलेलं. उजव्या कडेला आकडा स्वच्छ दिसत होता, एकशे बेचाळीस. मी लिहिलं, ‘दार एकशे बेचाळीस सेंटिमीटर. आमच्यावर विश्वास नको, टेप बघा.’ कारखान्याच्या पुस्तकात एकशे बत्तीस छापलेलं होतं, ते मी पाहिलंही होतं. बसवाल्यांना विचारलं तर म्हणाले, पुस्तकं भीतभीत लिहिलेली असतात मॅडम, टेप समोर आहे ना. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. ती ओळ मला फार आवडली होती.

संध्याकाळी घरी आले तर बाबा खिडकीशी बसले होते. बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही, त्यामुळे माझ्याशी बोलताना ते माझ्या शेजारच्या कपाटाकडे बघून बोलतात. रोज ते एकच प्रश्न विचारतात, आज किती जणांनी बघितलं. हा प्रश्न माझ्या नोकरीपेक्षा जुना आहे. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटी लागली की दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन समोरच्या फुटपाथवर, बंद दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि किती जण मान वर करून पाटी बघतात ते मला मोजायला सांगायचे. मी आठ वर्षांची असेन. वहीत पेन्सिलीनं उभ्या रेघा मारायच्या, पाचवी आडवी. एकदा त्यांनी चष्म्याच्या दुकानाची पाटी केली होती. त्यावर एवढा मोठा चष्मा काढला होता की त्याच्या काचांत आकाश उतरलंय असं वाटायचं. त्या पाटीला रोज सकाळी एक गृहस्थ थांबायचे. हातात कापडी पिशवी, चकचकीत बूट. थांबायचे, मान वर करायचे, मिनिटभर बघायचे, हसायचे आणि जायचे. बाबांना तो माणूस म्हणजे बक्षीस वाटायचं. घरी आल्यावर आईला सांगायचे, आज पण आला होता बरं का आपला माणूस. मला मात्र तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी बाबांपेक्षा खाली बसलेली होते, मला त्या गृहस्थांच्या नजरेची रेघ दिसायची. ते पाटी बघत नव्हते. पाटीच्या वरच्या गॅलरीत पोपटाचा पिंजरा होता, ते पोपट बघायचे. मी काही बोलले नाही. मी त्यांची रेघ मारत राहिले, महिनाभर, रोज एक. आजपर्यंत आयुष्यात मी मुद्दाम केलेला खोटा हिशेब तेवढाच, आणि तो अजून कधीकधी टोचतो. दुपारी बसल्याबसल्या, जाहिरातीची शेवटची ओळ सुचत नसली की, ती पेन्सिलीची रेघ डोळ्यांपुढे येते.

त्या संध्याकाळी मी बाबांना एक्केचाळीसबद्दल सांगितलं. त्यांनी मला तो आकडा पुन्हा सांगायला लावला. मग कपाटाला म्हणाले, “म्हणजे तो जाहिरात बघत नाहीये.” मी म्हटलं, दुसरं काय बघणार, पानावर दुसरं आहेच काय. तर म्हणाले, “जाहिरात एकदा बघून कळते. एक्केचाळीस वेळा माणूस पोपट बघतो.”

मी हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिले. विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? ते म्हणाले, अगं, शिडीवर चढून ती पाटी मीच ठोकली होती, पिंजरा माझ्या डोक्याला लागत होता. मग मला मोजू का दिलं, असं विचारलं तर त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, तू इतकी मनापासून मोजत होतीस. एवढंच. चाळीस वर्षं मी त्यांना सांभाळून घेतलं असं समजत होते आणि ते मला सांभाळून घेत होते. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही आवरायला मी भाजी निवडायला बसले. पण मनात प्रश्न आता वेगळा झाला होता. हा माणूस काय बघतोय हा तो प्रश्न होता, आणि माझ्या त्या पानावर एक दार, एक टेप आणि एक हात एवढंच होतं.

दलालांना आम्ही असे फोन करत नाही. तुम्ही आमचं पत्रक किती वेळा उघडलंत हे आम्हाला दिसतं, हे त्यांना माहीत असतं आणि नसतंही, आणि त्या माहीत नसण्यावर सगळं चाललेलं असतं. गुरुवारी सकाळी संपादक अजून आले नव्हते तेव्हा मी दोनशे सातचा फोन नंबर काढला. पाच वेळा वाजला. आवाज माझ्या वयाच्या माणसाचा होता, सभ्य, थोडा घाईचा. मी पत्रकातून बोलतेय म्हटल्यावर तो म्हणाला की सध्या काही नकोय. मी म्हटलं, मलाही काही विकायचं नाही, मागच्या दाराच्या जाहिरातीत काही चुकलंय का एवढंच विचारायचं होतं. मग त्यानं विचारलं, “कुणी तक्रार केली का?” मी नाही म्हटलं. तो म्हणाला, “मग राहू द्या ना.” हे त्यानं अशा आवाजात म्हटलं की फोन ठेवणं मला जमेना. मी तशीच धरून राहिले, आणि तोही ठेवत नव्हता.

शेवटी तो बोलला. ते दार एकशे बेचाळीस नाही, एकशे बत्तीस आहे. कशावरून, तर अंगठ्यावरून. अंगठा टेपच्या दहाच्या खुणेवर आहे, फोटो मोठा करून बघा. त्याचे वडील सुतार होते आणि घरात एकच टेप होती, तिचं पुढचं टोक तुटलेलं. टोक तुटलं की सुरुवातीचं माप भरवशाचं राहत नाही, म्हणून वडिलांनी दोघा भावांना दहापासून मोजायला शिकवलं होतं. टेप दहावर धरायची, पलीकडचा आकडा वाचायचा, त्यातून दहा वजा करायचे. थोरला धरायचा आणि आकडा सांगायचा, धाकटा वजा करून लिहायचा. पुढे नव्या टेपा आल्या तरी थोरल्याची सवय गेली नाही. असं टेप धरणारा आणि असा अंगठा असलेला माणूस जगात एकच आहे, तो म्हणाला. मला आठवलं ते अंगठ्यापलीकडचं मोकळं टोक, ज्याला मी ढिली सुटलेली टेप समजले होते. मी विचारलं, म्हणजे ते तुमचे भाऊ? तो म्हणाला, हो, एकोणीस वर्षांत भेट नाही. मग बराच वेळ त्यानं मला ज्या गोष्टी सांगितल्या त्या एवढ्याच होत्या की एकदा एका शाळेच्या बारा दारांच्या चौकटींचं काम होतं, थोरल्यानं मापं सांगितली आणि यानं दहा वजा न करताच लिहून घेतली. बाराही चौकटी रुंद झाल्या. वडिलांनी विचारलं, कोण चुकलं. थोरला म्हणाला, मी. हा शेजारी उभा होता, हा काही बोलला नाही. त्या वर्षीच थोरला विमानाचं काम शिकायला निघून गेला. वडिलांनी पुढे कित्येक वर्षं, येणाऱ्याजाणाऱ्याला, थोरल्याच्या बारा चौकटींची गोष्ट हसतहसत सांगितली आणि दर वेळी हा तिथंच बसलेला होता. वडील गेले तेव्हा थोरला दूरच्या मुलुखात कामावर होता. नंतर तो परत आल्याचं याला कुणाकडून तरी कळलं, पण कोणत्या तोंडानं समोर जायचं. अकरा वर्षं मी विमानं ठरवून देतोय, तो म्हणाला, आणि एकही जवळून पाहिलेलं नाही, कारण तिथं तो भेटेल. “आता सांगा, मी तुम्हाला कळवलं असतं तर विमानाच्या मालकांनी काय विचारलं असतं? टेप कुणी धरली होती, हेच ना?” मला एक्केचाळीस वेळांचा अर्थ कळला होता. प्रत्येक वेळी तो सांगायला बसला होता आणि प्रत्येक वेळी उठला होता.

हे सगळं पोटात घेऊन मी टेबलाशी बसले होते तेवढ्यात बसवाल्यांचा फोन आला. इतके खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तुमच्या दारानं काम केलं मॅडम, म्हणाले. एका दलालाकडे एका हॉस्पिटलचं यंत्र होतं, पेटीत बंद, पेटी एकशे अडतीस रुंद. सगळीकडून नकार आलेला. त्यानं मंगळवारची जाहिरात बघून थेट त्यांना गाठलं होतं आणि शनिवारी सकाळी पेटी निघणार होती. मी टेबलावरच्या जाहिरातीतल्या आकड्यावर बोट ठेवलं. मला एवढंच सुचलं की मी तिकडे येते, दार बघायचंय. ते म्हणाले, या या, तुम्ही तर कधी विमान बघितलेलंच नाही.

खरंच बघितलं नव्हतं. त्यांचं शेड गावाबाहेरच्या धावपट्टीच्या एका टोकाला, पत्र्याचं, आतून थंड. रिक्षातून उतरून आत गेले तर ते विमान मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आणि पोटाकडून गुबगुबीत होतं, आणि मागचं दार उघडंच होतं. सोळा वर्षं मी ज्या गोष्टींबद्दल लिहिलं त्यातली एक गोष्ट समोर उभी होती आणि मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर हात लावून बघावा. लावला. पत्रा गार होता आणि धुळीचा बारीक थर होता. मिस्त्री शिडीवर बसून कसलासा नळा पुसत होता. पन्नाशीचा, बुटका, केस उभे राहिलेले. मी माझं काम सांगितलं तसा खाली उतरला. हाताकडे मी मुद्दाम बघितलं नाही, तरी अंगठा दिसलाच. मी विचारलं, जरा दार मोजून दाखवाल? त्यानं खिशातून टेप काढली, डाव्या कडेला लावली आणि अंगठा दहावर ठेवला. पलीकडे एकशे बेचाळीस. तो म्हणाला, “एकशे बत्तीस,” आणि टेप सोडून दिली. इतकं सोपं होतं ते. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं बरोबरच मोजलं होतं आणि मी चूक लिहिलं होतं.

मग मी त्याला भावाचं सांगितलं. सांगावं की नाही याचा विचार मी रिक्षात सारा वेळ केला होता आणि त्या विचाराला काही अर्थ नव्हता, कारण मला न सांगता राहवलंच नसतं. एक्केचाळीस वेळा, मी म्हटलं. मिस्त्री खाली ठेवलेल्या डब्यावर बसला. फडक्यानं हात पुसले, मग उलट बाजूनं पुन्हा पुसले. चौकटींचं मी काढलं तेव्हा त्याला आठवायलाच वेळ लागला. कुठल्या चौकटी, म्हणाला. मग आठवलं. “अहो, त्या नीट केल्या मी दोन दिवसांत. रुंद चौकट कापता येते. अरुंद झाली असती तर पंचाईत होती.” आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, म्हणाला, “तेवढ्यासाठी येत नव्हता होय तो? मला वाटायचं, मी शिकायला निघून गेलो म्हणून रागावलाय.” मला त्या माणसाचा राग आला, आणि फोनवरच्याचाही आला. दोघांनी एकोणीस वर्षं आपापल्या बाजूला आकडे नीट वाचले होते आणि वजाबाकी कुणीच केली नव्हती.

बसवाले आले ते पेटीचा कागद हातात घेऊनच. मी त्यांना दार एकशे बत्तीस असल्याचं सांगितलं. आधी ते हसले, मग दाराकडे बघितलं, मग कागदाकडे. शनिवारी पेटी इथवर येऊन बाहेरच राहिली असती. त्यांचा चेहरा उतरत गेला आणि त्यांनी मला अपेक्षित होतं तेच विचारलं, टेप कुणी धरली होती? आणि मी बघितलं, मिस्त्री डब्यावरून उठला. फडकं खांद्यावर टाकलं, तोंड उघडलं. तो ‘मी’ म्हणणार होता. विचार करून नाही, सवयीनं, दहावर अंगठा ठेवावा तसं. मी त्याच्या आधी बोलले. म्हटलं, टेप कुणी धरली याला महत्त्व नाही, त्यांनी बरोबर धरली होती. आकडा मी लिहिला. पुस्तकात खरं छापलेलं होतं, ते वाचूनही मी लिहिला, कारण मोठा आकडा छान दिसत होता. आयुष्यात असं वाक्य मी प्रथमच बोलत होते आणि ते बोलायला मला एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. बसवाल्यांनी पेटीच्या कागदाची घडी घातली. पेटीवाल्याला कळवतो, म्हणाले. आणि मग, ओरडून नाही, थकून म्हणाले, की पुढच्या महिन्यापासून जाहिरातीचं बघू, सध्या थांबू या. संपादकांना ते आवडणार नव्हतं. बसवाले गेल्यावर आमचं पत्रक चार जाहिरातींवर येणार होतं आणि चार जाहिरातींना लिहिणारं वेगळं माणूस कशाला, हे मागच्याच महिन्यात एकदा बोलणं झालं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, पण दुरुस्तीचं पत्रक उद्याच काढते, त्याचं काही देऊ नका. बाहेर पडताना मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं, या वेळी फोटो न कापता टाकला तर चालेल का, लेखी द्यावं लागेल. त्यानं लगेच हो म्हटलं नाही. विचारलं, त्यात माझे केस कसे दिसतात? मी म्हटलं, आत्ता आहेत तसेच. तो म्हणाला, “मग ओळखेल,” आणि माझ्या कागदावर सही करून दिली.

शुक्रवारी, आमचा वार सोडून, पत्रक गेलं. पूर्ण फोटो होता. दार, टेप, हात, आणि हातामागे तो, उन्हानं डोळे बारीक केलेला, केस उभे. खाली मी लिहिलं होतं, ‘दार एकशे बत्तीस सेंटिमीटर. मोजणाऱ्यानं बरोबर मोजलं होतं. त्यातून दहा वजा करायला लिहिणारी विसरली.’ संपादकांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. म्हणाले, आपली चूक चारशे बारा जणांना कुणी अशी सांगतं का. मग म्हणाले, जाऊ दे. मी पडद्यापाशी बसले. एक, एक, शून्य, दोन. लोक दुरुस्तीच्या पत्रकाला जरा जास्त वेळ देतात असं दिसलं, कुणी सात सेकंद, कुणी अकरा. दोनशे सातनं सव्वानऊलाच उघडलं. एकदा. पण या वेळी बंद होईना. आमच्या पडद्यावर पान उघडं असेपर्यंत सेकंद चालू राहतात आणि ते चालूच राहिले. पाच मिनिटं. बारा मिनिटं. मी चहा आणायला गेले, परत आले, पंचवीस. मला वाटलं, पान तसंच ठेवून तो कुठंतरी निघून गेला असेल. मग वाटलं, नाही, बसला असेल. दहा वाजून पाच मिनिटांनी पान बंद झालं आणि त्यानंतर दिवसभरात ते पुन्हा उघडलं गेलं नाही. आकडा एकवरच राहिला. एवढा लहान आकडा बघून मला कधी इतकी हुरहुर लागली नव्हती.

पावणेतीनला बसवाल्यांचा फोन आला. मी घाबरतच उचलला. ते वैतागलेले होते पण त्या वैतागात काहीतरी निराळं होतं, समजत नसलं की माणूस बोलतो तसं ते बोलत होते. म्हणाले, काय हो, तुमच्या दुरुस्तीमुळे एक दलाल इथं येऊन बसलाय. दलाल कधी शेडमध्ये येतात का? हा आलाय, स्वतःची टेप घेऊन, कसली तरी जुनी, टोक तुटलेली. दार मोजायचंय म्हणतो. बरं, एकदा मोजून जावं की नाही. आमचा मिस्त्री पण सगळं काम टाकून त्याच्याबरोबर. एक धरतो, दुसरा लिहितो, मग खोडतात, मग परत धरतात. दीड तास झाला. मी विचारलं तर दोघंही बोलत नाहीत. “एका दाराला मोजायला इतका वेळ लागतो का हो?”

मी म्हटलं, “लागतो. मोजू द्या त्यांना.”

संध्याकाळी बाबांनी कपाटाला विचारलं, आज किती? मी त्यांच्या खुर्चीशेजारी, कडेला, त्यांना दिसेन अशी जाऊन बसले आणि म्हटलं, एक.